घाटाखालचं कर्जत

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन. एक नगर जिल्ह्यात, भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात. दुसरा रायगडात, बोरघाटाच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या काठानं पसरलेला. तिकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. इकडे ३००० च्या वर, आणि डोक्यावरच्या माथेरानला त्याहूनही कितीतरी अधिक. तिकडच्या माणसानं वर्षभरात पाहावा तेवढा पाऊस इकडे जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो. आमच्या आबांनी त्या कर्जतातून या कर्जतात बिऱ्हाड आणलं. तिकडचे भाऊबंद अजून थट्टा करतात, "तुम्ही गाव सोडलं, पण पत्ता काही बदलला न्हाई."

दोन्हीकडे अष्टविनायकांतला एकेक गणपती आहे. भीमेकाठचं सिद्धटेक नगरच्या कर्जत तालुक्यात, आणि महडचा वरदविनायक इकडे शेजारच्या खालापूर तालुक्यात. आजी म्हणायची, "एका गणपतीच्या दारातनं उठले ती दुसऱ्याच्या दारात बसले. देव सोडून आले असं मला कुणी म्हणायचं न्हाई." तिकडच्या राशीनची यमाई मात्र तिला शेवटपर्यंत लागून राहिली. तिची सोय इकडे नव्हती.

हा सगळा इतिहास मला तीन तोंडांनी कळला. आबा, आजी आणि थोरली आत्या. तिघांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत आणि मी त्या जुळवायच्या भानगडीत पडत नाही. घर हलवायचा निर्णय तीन माणसांनी तीन कारणांनी घेतलेला असू शकतो, आणि ते एकमेकांना कधी बोललेलेही नसू शकतात.

बहात्तरचा दुष्काळ हे नगरकडच्या माणसाचं वय मोजायचं साधन आहे. अमका दुष्काळाच्या आधीचा, तमका नंतरचा. आत्या आधीची, माझे वडील दुष्काळातले. आबा खडी फोडायला जात, आजी पाझर तलावाच्या कामावर पाट्या टाकायला. कामावर सुखडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो. या मिलोविषयी आजीचं मत छापण्यासारखं नाही. खिल्लारी जोडी चाऱ्याच्या छावणीत बांधलेली होती, आणि रोज संध्याकाळी आबा तिला बघून यायचे. पुढे कधीतरी मी विचारलं होतं, दुष्काळात सगळ्यात वाईट काय होतं? भूक असं उत्तर येईल अशी माझी अपेक्षा. आबा म्हणाले, "बैल वळखायचं, पण उठायचं न्हाईत."

त्याच वर्षी आबांच्या चुलत्यांचं पत्र आलं. त्यांना घरात नाना म्हणत. नाना रेल्वेत गँगमन होते, बोरघाटात. पत्रात लिहिलं होतं की इकडे खोपोलीला कारखाने निघालेत, माणसं घेताहेत, पाण्याची ददात नाही, तर निघून यावं. आत्याच्या सांगण्याप्रमाणे हे पत्र बरेच दिवस हरवलं होतं, कारण पत्त्यावर नुसतं कर्जत लिहिलेलं आणि ते इकडच्याच कर्जतात फिरत राहिलं. टपाल खात्यानं पिन कोड आणला तो १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे त्याच दुष्काळात. तो लोकांच्या अंगवळणी पडायला पुढे वर्षं गेली. तोवर इकडच्या पत्त्यावर 'जिल्हा कुलाबा' असं ठसठशीत लिहावं लागे. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. पत्र हरवल्याची गोष्ट आबांना मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, पत्र वेळेवर आलं होतं, आपणच ते उशाखाली ठेवून दिलं होतं.

मग एक दिवस ते ओट्यावर वाचलं गेलं आणि भाऊबंद बसले. त्या बैठकीचं वर्णन आत्या फार रंगवून करते. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची, खांबाला धरून उभी. कोकण म्हणजे काय, हे तिथल्या बहुतेकांना ऐकून माहीत. कोकणाचं पाणी लागतं. हिवताप धरतो. भातानं पोट भरत नाही, दोन तासांत पुन्हा भूक. खिल्लार जनावर चिखलात खुरांनी जातं. पोरीला पुढे कोण विचारील, आणि पोराला मुलगी कोण देईल? एक जण म्हणाला, तिथं मेल्यावर जाळायला सुकं लाकूड मिळत नाही. यावर सगळे गप्प झाले म्हणे. मला ही आत्याची पुरवणी वाटते, पण पावसाळ्यात इथल्या स्मशानात उभा राहिलेला माणूस तिला सहसा खोटं पाडणार नाही.

बैठकीत ज्याच्या शब्दाला वजन होतं तो म्हातारा धनगर. त्यानं कोकण डोळ्यांनी पाहिलेलं. देशावरचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात. नगर जिल्ह्यातल्या पारनेरकडचे, धवळपुरीचे धनगर त्यांत ठळक. भातं कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, आणि मृग लागायच्या आत वर चढायचं. म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं, "आम्ही बापजाद्यापासनं जातोय. पण पावसाचं कोकण आमच्यातल्या कुणी बघितलं न्हाई. मेंढीला त्यो पाऊस सोसत न्हाई. माणसाचं तुम्ही ठरवा."

पुढे मला या वाक्याचं फार कौतुक वाटत आलं, कारण ते फक्त धनगरांना लागू नाही. घाट उतरून आलेले जवळजवळ सगळे कोरड्या दिवसांत आले. कारतलबखान शिवाजी महाराजांवर चालून आला आणि खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत अडकला तो फेब्रुवारी १६६१ मध्ये. रेल्वेचंही तेच. कल्याणकडून रूळ खोपोलीपर्यंत पोचले १८५६ साली. घाट चढून जायला १८६३ उजाडलं. ऐन भरात ४० हजारांच्या वर मजूर या घाटात राबत होते, त्यांतले कितीतरी देशावरचे. पावसाळा लागला की उघड्यावरचं काम थांबे आणि माणसं पांगत. पटकीनं माणसं मेली त्यांची तर गणती नाही. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट पुरं करून घेतलं. घाटातल्या कामाची छायाचित्रंही तिनं काढून ठेवली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि बक्षीस म्हणून त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका सांगतात. ट्रकवाले आजही तिथं नाणं टाकून पुढे जातात. नानांच्या गँगमध्ये तर शिंगरोबाला नारळ दिल्याशिवाय कुणी पावसाळी गस्त धरत नसे.

बैठकीचा निकाल लागला नाही. रात्री आजीनं लावला. ती म्हणाली, "सगळ्यांनी एकदम उठायचं न्हाई. तुम्ही एकल्यानं जावा आणि एक आख्खा पावसाळा काढा. मिरग ते दिवाळी. परत आल्यावर तुमच्या अंगाकडं बघून मी ठरवीन."

आबा १९७३ च्या जूनमध्ये निघाले. एसटीनं दौंड, तिथून पॅसेंजर, पुणे, लोणावळा आणि मग घाट. खंडाळा सुटल्यावर डब्यात अंधार झाला आणि बोगदा संपला तरी उजेड आला नाही, बाहेर धुकं. हे वाक्य आबा नेहमी त्याच शब्दांत सांगत. नाना ठाकूरवाडीच्या बाजूला गँगच्या खोलीत राहत. घाटातल्या या थांब्यांची नावं आमच्या घरात गावांच्या नावांसारखी घेतली जात: मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जामरुंग, पळसदरी. पहिले चार दिवस आबा खोलीच्या दारात बसून होते. पाऊस थांबला की खोपोलीला जाऊन कारखान्यात चौकशी करायची, असा बेत. चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "अरे, हितं पाऊस थांबायची वाट बघणारा उपाशी मरतो. इरलं घे आन्‌ नीघ."

इरलं म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवून केलेलं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं छप्पर. वाकून लावणी करणाऱ्या माणसासाठी ते सोयीचं. उभ्यानं चालणाऱ्या, वाऱ्याची सवय नसलेल्या देशावरच्या माणसाला ते उडवून नेतं. आबांनी पहिल्याच दिवशी ते नाल्यात घालवलं.

नानांबरोबर ते रात्रीच्या गस्तीला जात. घाटात पावसाळ्यात रुळांवर दगड येतात, म्हणून माणसं ठरावीक अंतर पायी चालून रूळ तपासतात. हातात बत्ती, झोळीत फटाके. मोठी दरड दिसली तर फटाका रुळावर बांधायचा. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. नानांनी आबांना या रात्रींत जे शिकवलं ते आमच्या घरात पाठांतरासारखं चालत आलंय. डोंगरातून येणारा ओहोळ नेहमीसारखा वाहतोय तोवर भिऊ नये, मग पाऊस कितीही असो. तो एकाएकी गढूळ झाला तर सावध व्हावं. आणि भर पावसात ओहोळ आटला, तर सामान न उचलता निघावं. वर कुठेतरी पाणी तुंबलेलं असतं आणि माती धरून बसलेलं असतं. वाकडी झालेली झाडं बघावीत. जमिनीला भेग पडली असेल तर ती बुजवून वर झोपू नये. नाना चौथीपर्यंत शिकलेले होते. भूस्खलनावर मी पुढे जे वाचलं त्यात यापेक्षा फारसं वेगळं काही सापडलं नाही.

खोपोलीत आबांना बदली कामगार म्हणून घेतलं. पोलादाचं, नळ्यांचं, कागदाचं काम करणारे कारखाने तेव्हा तिथं होते. त्यांतल्या कुठल्यात, ते सोडून देऊ, कारण पुढे त्याच कारखान्यानं वडिलांच्या पिढीला टाळेबंदीही दाखवली.

इकडे आबा चिखल तुडवत असताना तिकडे त्या वर्षी पाऊस झाला. १९७३ चा मृग नगरला बरसला आणि दुष्काळ मोडला. श्रावणात भावाचं पत्र आलं, बाजरी गुडघ्याला लागलीय, या. खरा पेच इथे पडला. दुष्काळात गाव सोडणं हा काही निर्णय नव्हे, ती पळापळ असते. बाजरी उभी असताना, विहिरीला पाणी आलेलं असताना सोडायचं की नाही, हे ठरवायला डोकं लागतं. आणि नगरहून मुंबईकडे गेलेल्या हजारो माणसांपुढे त्या वर्षी हाच प्रश्न होता. कितीतरी परतले. ज्यांनी बहात्तरच्या कामांवर खडी फोडली त्यांच्यासाठी पुढे रोजगार हमीचा कायदाही झाला, १९७७ मध्ये. गावातच काम मागायचा हक्क मिळाला.

दिवाळीला आबा घरी गेले. आजीनं ठरल्याप्रमाणे अंगाकडे बघितलं. माणूस वाळलेला, पायाच्या बोटांत चिखल्या, कपड्यांना कुबट वास. ती म्हणाली, "पाय बरं करा आधी." पुढचं काय, यावर तीन आवृत्त्या आहेत. आबांच्या मते पगार हे कारण: महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा आभाळाकडे बघून येत नाही. आजी म्हणायची, तिनं पोरीच्या शाळेसाठी होकार दिला. गावातली शाळा सातवीला संपत होती. आत्याचं म्हणणं निराळं. तिनं ऐकलेला प्रश्न एकच होता. आईनं बापाला विचारलं, "तिथं पाण्याला किती लांब जावं लागतंय?" आबांनी सांगितलं, विहीर हाकेच्या अंतरावर आहे आणि ती उन्हाळ्यातही आटत नाही. आजी उठून चूल पेटवायला गेली. मला आत्याची आवृत्ती खरी वाटते. पावसाविषयी सगळ्या पुरुषांनी तासन्‌तास चर्चा केली आणि पाण्याविषयी फक्त आजीनं विचारलं.

१९७४ च्या उन्हाळ्यात बिऱ्हाड आलं. जमीन विकली नाही, भावाकडे निम्म्या वाट्यानं दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं आजी दर सुगीला, ज्वारी काढायला, माघ-फाल्गुनात वर जायची आणि मृगाआधी खाली यायची. धनगरांच्या नेमकं उलट. कोकणचा पावसाळा काढायचा आणि कोरडे दिवस देशावर. भाऊबंदांना ती येईल की राहील हे दर वर्षी कळत नसे, आणि माझा संशय आहे की तिलाही कळत नसावं.

पहिल्या वर्षी तिनं येताना दोन पोती ज्वारी आणली होती. तिकडच्या रिवाजानं ती कणगीत घातली. आषाढ संपायच्या आत तिला बुरशी आली आणि जाळं धरलं. शेजारच्या कुणब्याच्या बाईनं तिला दाखवलं की इथं धान्य चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवायचं. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, काड्यापेट्यासुद्धा तिथंच. सरपण मे महिन्यात भरून ठेवायचं, आणि ते कितीही भरलं तरी श्रावणात कमी पडतं. तांदळाची भाकरी तिला वर्षभर जमली नाही. ज्वारीचं पीठ ऊन पाण्यात मळून थापणारी बाई. तांदळाला आधी उकड काढावी लागते, हे ती मान्यच करत नव्हती. भाकरी तव्यावर चिरफाळायची आणि पोरं हसायची. पुढे मात्र तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला, पातळपणाला, इकडच्याच बायका मान द्यायला लागल्या. पोट भरत नाही ही तक्रार तिनं मरेपर्यंत सोडली नाही.

घराचीच गोष्ट घ्या. नगरकडे माळवद. छपरावर धान्य वाळतं, उन्हाळ्यात अंथरुणं पडतात, बायका तिथं बसून कुरडया घालतात. छप्पर म्हणजे आणखी एक खोली. इथं कौलांवर पाय ठेवला तर घरमालक धावत येतो. मे महिन्यात शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, पडवीला झड लागू नये म्हणून कूड किंवा पेंढ्याचा आडोसा बांधायचा. आबांना शाकारणी कधी आवडली नाही. पण पागोळ्यांखाली घागर लावली की भरते, यावर आजी पहिले काही दिवस इतकी खूष होती की घरातली सगळी भांडी तिनं ओळीनं मांडली होती. शेजारणी बघायला आल्या. पुढे पावसाचं पाणी भांड्यात धरायचं तिनं सोडून दिलं, बाकीच्यांसारखंच.

रानभाज्यांनी तिला इथं बांधून घेतलं असं मला वाटतं. कर्जतच्या बाजारात मृगाच्या आसपास ठाकर आणि कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली. शेवळाला काकड्याची फळं घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे तिला एका ठाकरणीनं शिकवलं. त्या बाईशी आजीचं पुढे तीस वर्षं चाललं. एकमेकींची भाषा दोघींना अर्धीच कळायची.

आता त्या न आटणाऱ्या विहिरीविषयी. पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी असतंच असं मुळीच नाही. इथल्या डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मे मध्ये बायका झऱ्याकाठी वाटीनं पाणी भरतात, टँकरची वाट बघतात. तीन हजार मिलिमीटर चार महिन्यांत पडतं आणि उल्हासेवाटे समुद्राला जातं. मग आमची विहीर का आटत नाही, आणि कर्जतच्या खालच्या पट्ट्यात उन्हाळी भात कसं होतं? राजनाला नावाचा कालवा आहे. त्याला पाणी येतं भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून. आणि त्या वीजघराला पाणी कुठून येतं, तर घाटावरच्या ठोकरवाडी धरणातून, जे आंद्रा नदीवर १९२२ साली बांधलं. त्याआधी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात असंच लोणावळा-वळवणचं पाणी नळांतून उतरत होतं, मुंबईच्या गिरण्या चालवायला. तिथून ते पाताळगंगेला मिळतं.

आंद्रा ही इंद्रायणीला मिळणारी नदी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. आणि भीमा पुढे सिद्धटेकवरून, आमच्या जुन्या कर्जत तालुक्याच्या शिवेवरून जाते. मोकळं सोडलं असतं तर हे पाणी आबांच्या मूळ तालुक्याला खेटून वाहिलं असतं. ते सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून पश्चिमेला वळवलं, एवढ्या उंचीवरून खाली टाकलं की त्यातून वीज निघाली, आणि मग या कर्जतच्या भातखाचरांत सोडलं. हे पाणी भीमेच्या खोऱ्याला परत द्या, ही मागणी आज उघडपणे होते. अशाच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह पेटला तो जमिनींसाठी. त्याचे नेते सेनापती बापट आमच्याच नगर जिल्ह्यातले, पारनेरचे.

आबांना हे सगळं कारखान्यातल्या एका फिटरनं समजावून सांगितलं होतं. त्या रात्री ते घरी येऊन आजीला म्हणाले, "आपण परमुलखात आलोच न्हाई. आपलंच पाणी आधी आलं, आपण त्याच्या मागनं आलो." आजीनं विचारलं, मग तिकडच्या लोकांचं काय? यावर आबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. राजनाल्यावरच्या शेतकऱ्याला विचारा, तो एक सांगेल. भीमाकाठच्याला विचारा, तो दुसरं. दोघं आमचेच.

आमच्या घराला निदान ठरवायची मुभा होती. साठच्या दशकात कोयनेच्या धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत आणून वसवली गेली. त्यांना पाऊस नवा नव्हता, कोयनेचं खोरं काही कमी भिजत नाही. नवी होती ती जमीन, शेजार आणि कागदपत्रं. आबांच्या पाळीत त्यांतला एक जण होता. तो म्हणे, तुझ्या बायकोनं एक पावसाळा मागून घेतला, आम्हाला एक महिनाही कुणी दिला नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं नेता आली नाहीत, पावसात माणसं हातानं माती उपसत होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच नंतर सांगितलं. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं, मग चौकजवळ सिडकोनं घरं बांधून दिली.

त्यानंतर डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर तोच प्रश्न जाऊन बसला, जो आमच्या ओट्यावर होता. फक्त उलटा: पावसाच्या डोंगरातून खाली यायचं की नाही. आजीच्या त्या ठाकरणीचा मुलगा आता साठीचा आहे. त्याला मी नानांनी सांगितलेल्या खुणा विचारल्या. त्याला त्या सगळ्या माहीत होत्या, वर दोन अधिक. मग खाली का येत नाही? तो म्हणाला, "घर देतील खाली. वरकस देतील का? मोहाचं झाड देतील का? आमची गुरं कुठं चरतील, सोसायटीच्या आवारात?" त्याची सून मात्र मधेच बोलली, खाली दवाखाना आहे, पोरांची शाळा आहे, मी उद्या जाईन. सासऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. या घरातही ठरवणारी तीच असणार, असं मला त्या क्षणी वाटून गेलं. त्यांचा धोका खरा आहे आणि त्यांचा नकारही खरा आहे. वाडी खाली आणणाऱ्यानं घराबरोबर चराईची आणि कसायच्या जमिनीची बोलणी केली नाहीत, तर माणसं घर घेतील, कुलूप लावतील आणि पावसाळ्यात पुन्हा वर जातील.

आणि आता आमच्याकडे फोन येतात ते तिसऱ्याच माणसांचे. नेरळ-कर्जतला फ्लॅट घ्यावा का, खालापूरकडे दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे, कसा आहे परिसर? मुंबईचे विचारतात, पुण्याचे विचारतात. गेल्या वर्षी नगरच्या कर्जतहून चुलतभावाच्या मुलानंही विचारलं. तिकडे आता कुकडीचं पाणी आलंय, उसाचे फड आहेत. त्याला पाण्यासाठी नको, नोकरीसाठी हवंय. पनवेल-कर्जत लोकलच्या नव्या मार्गाच्या नावानं इथं जमिनीचे भाव सांगितले जातात. प्लॉट दाखवायला नेतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हिरवा डोंगर, निळं आभाळ, कोरडी वाट. म्हणजे धनगरांचं कोकण.

त्या पोराला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण आजीच्या अटीपेक्षा चांगली अट मला अजून सापडलेली नाही. आषाढात ये, सलग पाऊस लागलेला असताना, आणि हॉटेलात न उतरता त्याच परिसरात कुणाकडे तरी आठ दिवस राहा. प्लॉटच्या वरच्या अंगाला डोंगर कापलाय का ते बघ. उन्हाळ्यात सपाट दिसणारी जागा नाल्याच्या पोटातली आहे का, हे सात-बाऱ्यावर कळत नाही. बाजारात भाजी विकायला बसलेल्या कुठल्याही ठाकरणीला विचार, ती सांगेल पाणी कुठून जातं. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास कुठवर आली होती ते नदीकाठच्या जुन्या माणसांना विचार. मे महिन्यातही एकदा ये आणि नळाला पाणी किती वेळ येतं ते घड्याळ लावून बघ. बायकोला दोन्ही वेळा बरोबर आण. एवढं होईपर्यंत इसार देऊ नकोस.